कॅमेऱ्याचा विमा : दुकानाची पॉलिसी रस्त्यावर चालत नाही

आपल्या समाजातील पुष्कळ तरुण गेल्या काही वर्षांत फोटो व व्हिडिओच्या धंद्यात आले आहेत. भिवंडी, मुंब्रा, मालेगाव, कुठेही जा, निकाह आणि वलीमाचे काम करणारी चार पोरे गल्लीत सापडतात. धंदा हातच्या हुनराचा आहे, मेहनतीचा आहे, पण त्याला लागणारे भांडवल लहान नाही. एक चांगला कॅमेरा, दोन-तीन लेन्स, गिंबल, लाइट आणि लॅपटॉप एवढे जमवता जमवता रक्कम काही लाखांत जाते. आमच्या लाइनीत जुना यंत्रमाग जितक्याला मिळतो, त्याहून अधिक किमतीचा माल हा पोरगा एका खांद्यावर टाकून रिक्षात बसतो. माग कोणी उचलून नेत नाही, कॅमेरा मात्र दहा मिनिटांत जातो.

तो कसा जातो ते आम्ही घरातच पाहिले. आमच्या सख्ख्या भाच्याचा लहानसा स्टुडिओ आहे. आमच्या बहिणीने दोन बांगड्या मोडल्या, काही रक्कम आम्ही उसनी दिली, बाकीची त्याने दोन वर्षांत कमावून घातली, असा तो सामान जमला होता. मागच्या शव्वालमधील एका लग्नाचे काम संपवून रात्री साडेअकराच्या सुमारास तो हॉलबाहेर आला. बॅग गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि स्टँड आणण्यासाठी मदतनिसाबरोबर पुन्हा आत गेला. गाडीचे एक दार उघडे राहिले होते. परत आला तेव्हा सीट रिकामी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या पेढीवर आला. चेहरा उतरलेला, पण एक धीर होता. म्हणाला, "मामू, विमा तर आपला आहे ना?" विमा होता. तीन वर्षे हप्ता न चुकता भरलेला होता आणि ती पॉलिसी आम्हीच आमच्या एजंटाकडून काढून दिली होती. महिन्याभराने कंपनीचे पत्र आले, क्लेम नामंजूर. कारण एका ओळीत होते : विमा स्टुडिओच्या जागेतील सामानाचा आहे, चोरी त्या जागेत झालेली नाही.

कंपनीवर रागावण्याचा हक्क आम्हाला नव्हता. पॉलिसी काढून वाचली तेव्हा पहिल्याच पानावर स्टुडिओचा पत्ता छापलेला होता. शाळा आमची उर्दूची, इंग्रजी कागद आम्ही सहसा दुसऱ्याकडून वाचून घेतो. हा कागद तेवढा कोणाकडूनच वाचून घेतला नव्हता. वास्तविक ही चूक आमच्यासारख्या कापडवाल्याने तरी करायला नको होती. गोदामात रचलेल्या गाठींसाठी आम्ही आगीचा आणि घरफोडीचा विमा काढतो. त्याच गाठी ट्रकमध्ये चढल्या की तो विमा गोदामाच्या दारातच थांबतो, पुढे मार्गातील मालाचा वेगळा विमा लागतो. (वाटेत समुद्राचा थेंब नसला तरी विमावाले त्याला 'मरीन' म्हणतात.) एवढे आम्हाला तीस वर्षांपासून ठाऊक आहे. कॅमेरा हा रोज ट्रकमध्ये चढणारा माल आहे, इतका साधा हिशेब मात्र भाच्याच्या वेळी सुचला नाही.

म्हणून आमच्या फोटोग्राफर बंधूंनी पहिल्याने आपली पॉलिसी काढून तिचे नाव वाचावे. दुकानदारांसाठी जी 'शॉपकीपर' पॉलिसी मिळते, तिच्यात आग, घरफोडी, गल्ल्यातील रोकड असे निरनिराळे भाग असतात. त्यांतील मुख्य भाग दुकानाच्या पत्त्याला बांधलेले असतात. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सर्व कंपन्यांनी ठेवली आहे. एका जागेवरील पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती आहे. आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल एवढे तिच्यात येते आणि आपल्या व्यापाऱ्यांनी ती जरूर पाहावी. परंतु चोरी तिच्यात फक्त एवढीच धरली आहे की अशा एखाद्या आपत्तीमुळे, आपत्तीपासून सात दिवसांच्या आत झालेली. एरवीची चोरी तिच्यात नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरले, तसा प्रसंग स्टुडिओवर आला तर ही पॉलिसी कामाची. हॉलबाहेरच्या गाडीतून बॅग गेली तर ती कामाची नाही.

फिरत्या सामानासाठी जी पॉलिसी लागते तिला 'ऑल रिस्क' म्हणतात. काही कंपन्या तीच 'पोर्टेबल इक्विपमेंट' या नावाने किंवा दुकानाच्या पॉलिसीला जोडलेला एक भाग म्हणून देतात. 'इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट' नावाची आणखी एक पॉलिसी असते. ती मुळात एका जागी बसवलेल्या यंत्रांसाठी आहे, फिरते सामान हवे असेल तर तसा शेरा तिच्यावर मुद्दाम घालून घ्यावा लागतो. एजंटाला तोंडी विचारून "हो हो, सगळे येते" हे उत्तर घेऊन येऊ नये. 'जागेबाहेर, भारतात कुठेही' हे शब्द पॉलिसीच्या कागदावर आहेत का, एवढे बोट ठेवून विचारावे. दुबई-मस्कतचे काम घेणाऱ्याने परदेशाचाही उल्लेख मागावा. जाताना विमानतळावरच्या कस्टमकडून सामानाच्या नंबरांसह निर्यात-दाखला घ्यावा, नाहीतर परत येताना आपलाच कॅमेरा आपण तिकडून आणलेला नाही हे पटवत बसावे लागते.

कर्ज काढून सामान घेतलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. बँक कर्जाच्या वेळी विमा करायला लावते आणि पुष्कळदा हप्ता खात्यातून परस्पर वळता होतो. खातेदाराला पासबुकातली नोंद दिसते, पॉलिसी दिसत नाही. अशा बंधूंनी शाखेत जाऊन पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. ती बहुधा दुकानाच्या पत्त्याचीच निघेल. शिवाय तिच्यावर बँकेचे नाव असते, म्हणजे भरपाईची रक्कम आधी बँकेकडे जाते.

'ऑल रिस्क' या नावाने मात्र फसू नये. सगळी जोखीम असे नाव आहे, आत वगळलेल्या गोष्टींची यादी लांब आहे. वापराने होणारी झीज, लेन्सवर चढलेली बुरशी, हळूहळू आलेला गंज, आपोआप बंद पडलेले सर्किट, काचेवरचा बारीक ओरखडा, हे बहुतेक कंपन्या देत नाहीत. कोकणातील आमच्या बंधूंना बुरशीचा त्रास फार. त्यांना विम्यापेक्षा हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पुडी अधिक उपयोगाची. कॅमेरा हातातून पडला, पाण्यात गेला, स्टँडसकट उलटला, हे अपघात त्यात येतात. आपल्याच नोकराने नेला तर बहुधा येत नाही. 'कुठे गेला कळत नाही' हेही येत नाही.

चोरीच्या बाबतीत दोन शर्ती अशा आहेत की ज्यांवर सर्वांत जास्त क्लेम अडतात, म्हणून त्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. पहिली शर्त जबरदस्तीची. घरफोडीच्या पॉलिसीत चोरी म्हणजे जोर लावून, कुलूप-कडी-काच तोडून आत शिरून केलेली चोरी. आपण बोलताना चोरी म्हणतो ती निराळी आणि पॉलिसीतील चोरी निराळी. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हरचंद राय चंदन लाल या व्यापाऱ्याच्या प्रकरणात हेच सांगितले. माल चोरीला गेला होता, ही गोष्ट खरी होती, परंतु जबरदस्तीने शिरल्याची खूण नव्हती. न्यायालय म्हणाले की पॉलिसीत जी व्याख्या लिहिली आहे तीच लागू होईल, आणि व्यापारी हरला. दार लोटून ठेवून नमाजला किंवा चहाला जाणाऱ्या आमच्या दुकानदारांनी, मग ते कापडाचे असोत की कॅमेऱ्याचे, हा निकाल ध्यानात ठेवावा.

दुसरी शर्त गाडीची. फिरत्या सामानाच्या बहुतेक पॉलिसींत असे लिहिलेले असते की माणूस नसलेल्या गाडीतून सामान गेले तर गाडी पूर्ण बंद व कुलूपबंद असली पाहिजे, सामान डिकीत, नजरेआड असले पाहिजे आणि गाडी फोडल्याची खूण असली पाहिजे. आमच्या भाच्याची पॉलिसी अगदी योग्य प्रकारची असती तरी त्या रात्रीचे उघडे दार आडवे आलेच असते. हे त्याला आम्ही सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. आता त्यांच्या टोळीत रीत अशी आहे की बॅगेजवळ एक माणूस, मग जेवणाच्या पंगतीला तो शेवटी बसला तरी चालेल.

आता रकमेविषयी. हप्ता वाचवण्यासाठी सामानाची किंमत कमी लिहिणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे, कापडातही आहे. तिचा फटका असा बसतो. समजा सामान सहा लाखांचे आहे आणि विमा तीन लाखांचा काढला. एक लेन्स पडली, दुरुस्ती चाळीस हजार. मालक समजतो, तीन लाखांच्या आत आहे, पूर्ण मिळतील. कंपनी म्हणते, तुम्ही अर्ध्याचाच विमा काढला, म्हणून अर्धे, म्हणजे वीस हजार. त्यातून पॉलिसीतील ठरलेली वजावट जाते, तिला 'एक्सेस' म्हणतात. ती समजा पाच हजार, तर हातात पंधरा हजार. शिवाय जुन्या सामानाची भरपाई घसारा धरून द्यायची की नव्याच्या भावाने, हे पॉलिसीगणिक बदलते. तो प्रश्न हप्ता भरण्याआधी विचारावा, नंतर त्याचे उत्तर कडू लागते.

दर किती, असे आम्हाला विचारले जाते. २००७ पासून आगीसारख्या विम्यांचे बांधलेले दर गेले, तेव्हापासून कंपन्यांत भावाची घासाघीस चालते. भाच्यासाठी आम्ही दोन कंपन्यांकडून लेखी दर मागवले, तर एकाच सामानासाठी जवळपास दुपटीचा फरक निघाला. स्वस्त कागदात भारताबाहेरचे काम नव्हते आणि एक्सेस मोठा होता. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याची नोंदणी आहे त्याने त्याचा क्रेडिट घेण्याविषयी आपल्या हिशेबनिसाला विचारावे.

इथे एक नाजूक मसला आहे, तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. विमा जायज की नाजायज, हा प्रश्न आमचे कित्येक बंधू विचारतात. विम्याच्या करारात अनिश्चितता आहे, जुगाराचा अंश आहे, कंपनी पैसा व्याजावर लावते, असे त्यावरचे आक्षेप आहेत. हानी टाळण्याची गरज म्हणून मालमत्तेच्या विम्याला सवलत देणारे उलेमाही आहेत. सुदानमध्ये १९७९ साली इस्लामी पद्धतीची विमा कंपनी निघाली, मलेशियाने १९८४ साली तकाफुलचा कायदा केला. तिथे सभासद परस्परांच्या मदतीसाठी वर्गणी देतात आणि नुकसान त्यातून भरले जाते. आपल्या देशात तशी कंपनी नाही. आम्ही कापडवाले, फतवा देणे आमचे काम नाही. ज्याच्या मनाला खटका असेल त्याने आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे. एक गोष्ट मात्र अनुभवाने सांगू शकतो. दहा-बारा फोटोग्राफरांनी मिळून मदतीची पेटी केली तर लहानसहान दुरुस्ती तिच्यातून निघते, एक पूर्ण बॅग गेली की ती रिकामी होते.

विमा घ्या अगर न घ्या, कागद मात्र ठेवाच. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा दिल्लीच्या चांदनी चौकात कच्च्या चिठ्ठीवर चार पैसे स्वस्त मिळतात म्हणून घेतलेला कॅमेरा विम्याच्या दृष्टीने जवळजवळ बेवारस असतो. पक्के बिल हवे, आणि बिलावर नंबर हवा. बॉडीचा नंबर खाली तळाशी किंवा त्याच्या आसपास असतो, लेन्सचा माउंटजवळच्या कड्यावर. हे सगळे नंबर पॉलिसीच्या यादीत वस्तूवार लिहून घ्यावेत. 'कॅमेरा व इतर सामान' असे गठ्ठ्याने लिहिलेले असेल तर नंतर कोणती लेन्स गेली हे शाबीत करणे तुमच्यावर येते. नवी लेन्स घेतली की त्याच आठवड्यात कंपनीला कळवून यादीत भर घालावी. सेकंडहँड घेताना विकणाऱ्याचे मूळ बिल आणि त्याच्या सहीची पावती दोन्ही घ्यावे. एक उपयोगी गोष्ट आमच्या भाच्याने आम्हाला शिकवली. पुष्कळ कॅमेरे आपला नंबर प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, म्हणून बिल हरवले तरी जुन्या फोटोवरून नंबर निघू शकतो. सामान दुसऱ्याला भाड्याने देणाऱ्यांनी ते कंपनीला आधीच सांगावे, लपवलेले असेल तर क्लेमच्या वेळी निघतेच. ड्रोनचा हिशेब सर्वस्वी वेगळा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचे लहान ड्रोन सोडले तर दुसऱ्याच्या नुकसानीसाठीचा विमा सक्तीचा आहे, तो या पॉलिसीत शोधू नये.

चोरी झालीच तर पहिले दोन दिवस महत्त्वाचे. पोलीस ठाण्यात पुष्कळदा 'गहाळ' असा दाखला हातात देऊन बोळवण करतात. आमच्या भाच्यानेही प्रथम तोच घेतला. गहाळ म्हणजे हरवले, आणि हरवलेल्या मालाला बहुतेक पॉलिसी ओळखत नाही. चोरीची एफआयआरच झाली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे चोरी कोणत्याही हद्दीत झालेली असो, खबर कोणत्याही ठाण्यात देता येते आणि एफआयआरची प्रत फुकट मिळण्याचा हक्क आहे. ठाण्यात नोंद करून घेतली नाही तर तीच खबर लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. एफआयआरमध्ये प्रत्येक वस्तूचे नाव व नंबर जातील असे पाहावे. मागून आठवलेली लेन्स जोडणे कठीण होते.

त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवावे, फोन पुरेसा नाही. उशीर झाला तरी हात-पाय गाळू नयेत. गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की एफआयआर तत्काळ केली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून क्लेम नाकारता येत नाही. ते प्रकरण वाहनाच्या चोरीचे होते, तरी दाखवण्यासारखे आहे. पुढे कंपनीचा सर्व्हेअर येतो. त्याच्याशी भांडू नये, आणि न विचारलेले अंदाजाने सांगूही नये. तपास लागला नाही की पोलीस न्यायालयाकडून 'अ समरी' घेतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही. तो कागद कंपनी मागते आणि तो मिळायला महिने लागतात.

क्लेम नामंजूर झाला आणि तो अन्यायाचा वाटला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. मुंबई व पुणे येथे त्याची कार्यालये आहेत, फी नाही, वकील लागत नाही. एकट्या मालकीच्या धंद्याला आणि सूक्ष्म उद्योगाला तिथे तक्रार करता येते. पन्नास लाखांपर्यंतची भरपाई लोकपाल देऊ शकतो. ग्राहक आयोगाचा दरवाजाही आहे. "तुम्ही व्यापारी, तुम्ही ग्राहक कसले" असे पूर्वी ऐकवले जाई. २०२३ च्या एप्रिलमध्ये हरसोलिया मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते मिटवले : नुकसान भरून निघावे म्हणून घेतलेला विमा हा नफ्याचा व्यवहार नव्हे, म्हणून व्यापारीही ग्राहक ठरू शकतो. तो वाद २००२ च्या गुजरातमधील दंगलीत झालेल्या नुकसानीचा होता, निकालापर्यंत एकवीस वर्षे गेली.

एक गोष्ट कोणतीही पॉलिसी भरून देत नाही, ती म्हणजे कार्डातले फोटो. त्या रात्री भाच्याच्या बॅगेत त्या लग्नाची दोन कार्डेही होती. कंपनी देते ती कोऱ्या कार्डाची किंमत. वधूच्या वडिलांना काय सांगायचे, यासाठी आम्ही त्याच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो. भल्या माणसाने आगाऊ दिलेली रक्कम परत घेतली, वर एक शब्द बोलला नाही. त्याच्या पत्नी पडद्याआडून एवढेच म्हणाल्या की मुलीच्या आजीचा त्या दिवशीचा एखादा तरी फोटो निघेल का. मदतनिसाच्या फोनमध्ये दोन निघाले. तेव्हापासून भाचा हॉलमध्येच दोन कार्डांवर एकाच वेळी चित्रण करतो आणि एक कार्ड खिशात घेऊन निघतो.

सेकंडहँड बॉडी घेऊन त्याने काम पुन्हा सुरू केले, या वेळी फिरत्या सामानाची पॉलिसी, वस्तूवार यादीसह. मागच्या महिन्यात एका मांडवात कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि स्टँड कॅमेऱ्यासकट आडवा झाला. त्याने तिथेच फोटो काढले, दुसऱ्या दिवशी कंपनीला पत्र दिले, दुरुस्तीच्या दुकानाचा अंदाज जोडला. एक्सेस वजा जाऊन दुरुस्तीचे पैसे पाच आठवड्यांनी खात्यात आले. त्या पाच आठवड्यांतली कामे त्याने भाड्याच्या कॅमेऱ्यावर केली. ते भाडे पॉलिसीत नव्हते. नूतनीकरणाच्या वेळी तेही घालता येते का, हे विचारायला आम्ही त्याला सांगितले आहे.